चादर, मोजे आणि पास्कल

५ जानेवारी

आज एका यंत्राने आमच्या थोरल्या जाऊबाईंना "छान प्रयत्न, मैत्रिणी!" असं म्हटलं.

जाऊबाई सत्तरीच्या पुढे आहेत. टायपिंगचा क्लास चालवण्यात त्यांचा जन्म गेला. अर्ध्या शहराची बोटं त्यांनी फूटपट्टीने सरळ केली, त्यात माझीही होती. त्यांना मैत्रीण म्हणायची माझी आजवर छाती झालेली नाही, आणि हा पाटीएवढा काचेचा तुकडा खुशाल म्हणतो.

टॅबलेट पाठवला त्यांच्या मुलाने, म्हणजे माझ्या पुतण्याने. तो दूरच्या शहरात सॉफ्टवेअरच्या कंपनीत आहे. ऑक्टोबरात जाऊबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. बोलणं परत आलं (सगळ्यात आधी तेच आलं), पाय परत आला. उजवा हात मात्र मांडीवर पाहुण्यासारखा बसून असतो. व्यायाम म्हणून त्यांनी टॅबलेटवरचे फुगे फोडायचे. बोट काचेवरून घसरतं, फुगा एकीकडे, बोट दुसरीकडे, आणि वर हे कौतुक. जाऊबाईंनी डाव्या हाताने टॅबलेट पालथा घातला आणि मला म्हणाल्या, "घेऊन जा खाली. भाजी चिरायला होईल."

संध्याकाळी पुतण्याचा फोन आला. "आई, मार्चअखेर येतोय. तोवर दाराचं कुलूप, गॅस आणि औषधाची बाटली तुझी तुला उघडता आली तर राहा एकटी. नाहीतर सामान बांधायचं आणि माझ्याकडे यायचं."

मला काय! गेल्या तर गेल्या. वरचा मजला शांत होईल. मला शांतता आवडते.

८ जानेवारी

फक्त चहाची गाळणी मागायला वर गेले होते. (आमची सापडली नंतर, हातातच होती.) व्यायाम शिकवणारी मुलगी आलेली होती. तिने कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवरचं आवरण उचललं, कीबोर्डावरचं एक बटण सहज दाबलं आणि तिचा चेहराच उजळला. "काकू, हे बघा! दाबलं की खाली जातं आणि बोटाला परत ढकलतं. असंच पाहिजे यांना. यावर एखादा खेळ नाही का?"

"बटण शर्टाला असतं," जाऊबाई म्हणाल्या. "याला की म्हणतात."

या कॉम्प्युटरवर त्या क्लासच्या परीक्षांचे उतारे काढायच्या. सुरू केला की काळा पडदा येतो, त्यावर एक पांढरी रेघ डोळे मिचकावते. बस. चित्र नाही, माउस नाही. डॉस म्हणतात त्याला.

पुतण्याला विचारलं. तो हसला. "काकू, त्या डबड्यासाठी आता जगात कोणी काही बनवत नाही. भंगारात द्या."

"मी बनवीन."

"काकू, तुमचं ते कोबोल होतं ना? विम्याचे हप्ते वगैरे? गेम म्हणजे वेगळं असतं हो."

वेगळं असतं हो! मी विमा कंपनीच्या कॉम्प्युटर विभागात केस पांढरे केले तेव्हा हा मुलगा रांगत होता आणि माझ्या छापील कागदांच्या मागे रेघोट्या ओढत होता. आता बनवणारच. जाऊबाईंसाठी नव्हे. त्याला दाखवायला.

१२ जानेवारी

खेळ ठरला. वाळत घातलेल्या कपड्यांची दोरी. दोरीवर चार कपडे: चादर, सदरा, टॉवेल, मोजा. उजव्या हाताची चार बोटं, चार बटणं (की म्हणे!), चार चिमटे. वारा येतो, एखादा चिमटा सुटू लागतो, तो निसटायच्या आत त्याचं बटण दाबायचं. नाही दाबलं तर कपडा खाली.

सुरुवात अर्थातच कोबोलमध्ये केली. माहेरची भाषा. दिवसभर खपून मोजा जाहीर केला: मोज्याचं नाव, मोज्याची लांबी, मोज्याचा प्रकार, मोजा कुठल्या विभागात. दोन पानं झाली तरी मोजा अजून दोरीवर चढला नव्हता. कोबोलला माणसाचा हप्ता कळतो, पोरांचा कल्याण निधी कळतो, वारा कळत नाही. वाईट वाटलं. पण माहेर कितीही प्रेमाचं असलं तरी तिथे कायमचं राहता येत नाही.

१६ जानेवारी

बेसिक. शिकायला सोपी, आणि त्या कॉम्प्युटरमध्ये आधीपासूनच बसलेली. मोजा अर्ध्या तासात दोरीवर. पण बेसिक प्रत्येक ओळ वाचते, विचार करते, मग करते, परत पुढची ओळ वाचते. चादर हलते ती ऑफिसातल्या फाइलीसारखी: या टेबलावर थांबली, त्या टेबलावर थांबली. यांना दाखवलं. (हे म्हणजे आमचे हे. निवृत्तीनंतर यांनी वर्तमानपत्र हाच व्यवसाय केला आहे.) चष्मा वर करून म्हणाले, "चादर आजारी आहे का?"

बेसिक रद्द.

२१ जानेवारी

पुतण्याला तोंड वर करून विचारायला नको म्हणून व्यायामवालीच्या भावाला विचारलं. तो म्हणाला, "आजी, जावा वापरा ना."

मी म्हटलं, "एक जाऊ सांभाळते आहे, तेवढी पुरे."

मग सी घेतली. वेगवान आहे यात वाद नाही. चादर अशी फडफडली की मी खुर्चीत मागे सरकले. पण सी म्हणजे श्रीमंत घरचा जावई. काही विचारत नाही, काही सांगत नाही, चुकलात तर तुमचं तुम्ही बघा. मशीनच्या आठवणीत चार कपड्यांसाठी चारच घरं मागितली होती; मी चुकून मोज्याला पाचव्या घरात बसवलं, तर हिने निमूट बसवलं. पाचवं घर होतं डॉसचं स्वतःचं. क्षणात पडदाभर हसरे चेहरे आणि बदाम पसरले, आणि मशीन मेलं. बंद करून परत सुरू करावं लागलं.

जाऊबाई पलंगावरून बघत होत्या. "हसतंय कोण?"

"कोणी नाही."

"कोणीतरी हसतंय तुला."

२४ जानेवारी

पास्कल! हिला मी विसरलेच होते. माझ्या जुन्या फ्लॉप्यांच्या खोक्यात सापडली. खोक्याला बुरशी होती, हिला नव्हती. निळ्या पडद्यावर लिहायचं, तिथेच एक कळ दाबली की तयार, चूक असेल तर नेमक्या त्या जागी बोट ठेवून उभी राहते. सगळा संसार एका फ्लॉपीत.

शिवाय वळण आमच्या कॉन्व्हेंटचं. तिथे सिस्टर दारातच अडवायच्या: आधी नाव सांगा, कोण आहात ते सांगा, मग वर्गात या. पास्कलही तसंच म्हणते. मोजा पाचव्या घरात बसवायला गेले तर तिने साफ नकार दिला. तेव्हा सिस्टरांचा राग यायचा. आज पडद्यासमोर हात जोडावेसे वाटले.

लिहायचं काम मी खाली यांच्या लॅपटॉपवर करते. जुन्या मशीनचं हुबेहूब सोंग घेणारा एक फुकटचा प्रोग्राम मिळाला आहे. त्यात लिहायचं, लॅपटॉपला बाहेरून जोडायच्या डबीतून फ्लॉपीत भरायचं, जिना चढायचा. वर बसून लिहिलं तर जाऊबाई माझ्या बोटांकडे बघतात.

३ फेब्रुवारी

डॉसला मराठी येत नाही. आणि इंग्रजीत खेळायला जाऊबाई तयार नाहीत. "तुझं कॉन्व्हेंट तुझ्यापाशी," म्हणाल्या.

तेव्हा चौकटीच्या कागदावर एकेक अक्षर काढते आहे. आठ घरं रुंद, सोळा घरं उंच, कुठलं घर काळं ते मशीनला सांगायचं. ग सोपा. ळ ने सकाळ खाल्ली. जोडाक्षरं आठ घरांत मावतच नाहीत, म्हणून ठरवलं की खेळ जोडाक्षराशिवाय बोलेल. त्याचा परिणाम असा झाला की 'शाब्बास' बाद झालं, 'उत्तम' बाद झालं, 'छान प्रयत्न' तर झालंच झालं. राहिलं काय? 'पडला.' 'उचल.' 'उशीर.' 'लाज वाटू दे.' हे शेवटचं जाऊबाईंनी सुचवलं.

बरंच झालं. घरचं वाटतं.

७ फेब्रुवारी

फजिती. खाली लॅपटॉपवर वारा कसा झुळुकीसारखा येत होता. फ्लॉपी घेऊन वर गेले, यांनाही हाक मारून बोलावलं, जाऊबाईंचा हात उचलून बटणांवर ठेवला, खेळ सुरू केला. डोळ्याचं पातं लवायच्या आत दोरी रिकामी. 'पडला पडला पडला पडला.' वादळसुद्धा इतकं उद्धट नसतं.

चूक माझीच. दोन वाऱ्यांच्या मध्ये थांबायला म्हणून मी मशीनला उगाच आकडे मोजायला लावले होते. सोंगाचं मशीन सावकाश मोजतं, वरचं खरं मशीन भराभर मोजतं. विम्याच्या कामात मी असलं कधी केलं नव्हतं, कारण विम्याला घाई नसते.

हे म्हणाले, "मोजायला कशाला लावतेस? घड्याळ बघायला सांग."

मशीनच्या पोटात घड्याळ असतं. ते सेकंदाला अठरा वेळा टिचकी वाजवतं, मशीन कितीही चपळ असो. आता वारा त्या घड्याळाने येतो. यांना हे कसं सुचलं कोण जाणे. वर्तमानपत्रात आलं असेल.

१० फेब्रुवारी

जाऊबाई खेळल्या. तर्जनी हलली. मधलं बोट हललं. करंगळी हलली नाही, मोजा दर वेळी पडला. शेवटी घामाघूम झाल्या आणि म्हणाल्या, "मोजा कोणाचा आहे?"

"कोणाचाच नाही. काल्पनिक आहे."

"तुझ्या नवऱ्याचा असणार. त्याचे लहानपणापासून हरवतात."

खाली आल्यावर थोडा प्रोग्राम वाढवला. कोणाला सांगायचं नाही. दोन कपडे लागोपाठ पडले की वारा जरा मंदावेल. खेळणाऱ्याला कळणारसुद्धा नाही.

१५ फेब्रुवारी

जाऊबाई रोज सुधारत आहेत! काल मोजासुद्धा वाचला. पुतण्याला फोनवर सांगितलं. तो "अरे वा, काकू" म्हणाला, पण लहान मुलाला म्हणतात तसं.

१८ फेब्रुवारी

कळलं त्यांना.

मी बाजूला बसले होते. त्यांनी चादर पडू दिली, टॉवेल पडू दिला, मुद्दाम. डोळे मिटून बसल्या. मग माझ्याकडे वळल्या. "पडलं की वारा दमतो. हा कसला वारा?"

"मशीनचं काहीतरी..."

"मशीनचं नाही, तुझं. आयुष्यभर पोरांच्या बोटांची लय ऐकून चुका धरल्या आहेत मी. तुझ्याही धरल्या. मला जिंकवतेस?"

मी म्हटलं, व्यायाम होणं महत्त्वाचं.

"टॅबलेट निदान तोंडावर खोटं बोलत होता. तू तर पाठीमागून बोललीस. चाळीस शब्दांचा वेग झाल्याशिवाय मी एका पोराला दाखला दिला नाही. तुला दिला का?"

नव्हता दिला. तीनदा परत बसवलं होतं. आणि त्या दाखल्यावरच मला विमा कंपनीत नोकरी लागली, हे त्या बोलल्या नाहीत, एरवी दरवेळी बोलतात. त्यावरून किती दुखावल्या ते कळलं.

१९ फेब्रुवारी

दया काढून टाकली. सहा ओळी होत्या. फ्लॉपी दारात ठेवून आले. दार उघडलं नाही.

२३ फेब्रुवारी

मला वर बोलावत नाहीत. मीही जात नाही. मार्चअखेर त्या जाणारच आहेत, तर सवय झालेली बरी. संध्याकाळी जिन्यात उभी होते, ती फक्त हवा खायला.

२७ फेब्रुवारी

यांचं काहीतरी बिघडलं आहे. दुपारी वर्तमानपत्र टाकून चक्कर मारायला जातात, चपला मात्र दारातच. विचारलं तर म्हणतात, अनवाणी चालणं तब्येतीला चांगलं. परत येतात ते बोटं चोळत. आज जेवताना स्वतःशीच पुटपुटले, "वारा डावीकडून आला की आधी सदरा धरायचा, चादरीला वेळ असतो."

म्हणजे मी झोपेत बोलत असणार. डॉक्टरांना विचारायला हवं.

४ मार्च

जाऊबाईंनी यांच्या हाती निरोप पाठवला. सॉरी नाही, कसे आहात नाही. "समोर कोणीतरी हवं. पाळीपाळीने खेळण्यात राम नाही. दोघांना एकदम खेळता येईल असं कर."

पाळीपाळीने? त्या एकट्याच तर खेळतात. एकटेपणाने माणूस असं बोलू लागतं. मला फार वाईट वाटलं. लगेच बसले.

११ मार्च

दोन दोऱ्या झाल्या. डावी दोरी डाव्या बटणांची, उजवी उजव्या बटणांची. पण दोघांनी एकाच वेळी बटणं धरून ठेवली की मशीनला एकाचंच ऐकू यायचं. पास्कल नम्रपणे म्हणते, एका वेळी एकानेच बोलावं. तेव्हा पास्कलच्या पोटात दहा-बारा ओळी असेंब्लीच्या घातल्या. असेंब्ली म्हणजे मशीनची स्वतःची बोली, अगदी बोटांवर मोजल्यासारखी: हे उचल, तिथे ठेव, परत बघ. त्या ओळी थेट कीबोर्डाच्या तारेला कान लावून बसतात, आणि कोण दाबतंय, कोणी सोडलं, सगळं ऐकतात. आमच्या सिस्टर शिस्तीच्या खऱ्या, पण कोण कुठे कुजबुजतंय ते सांगणारी एक मुलगी त्यांनी वर्गात नेमलेली असायचीच.

वर घेऊन गेले. दार उघडंच होतं. जाऊबाईंनी डावी खुर्ची पायाने माझ्याकडे सरकवली.

हरले. माझे दोन्ही हात धडधाकट असताना.

त्यांची करंगळी अजून उशिरा पडते. पण पडते.

२० मार्च

रोज हरते आहे. आज त्यांनी पडद्यावर आलेलं 'लाज वाटू दे' मला मोठ्याने वाचून दाखवलं.

२८ मार्च

पुतण्या आला. बॅग ठेवायच्या आधी आईचा हात हातात घेऊन उलटसुलट बघितला, भाजी घेताना बघतात तसा. मग कोपऱ्यातली जुनी मळकट स्क्रीन चालू बघून थबकला. आईने खुर्ची सरकवली. बसला. हरला. शर्टाच्या बाह्या वर केल्या. परत हरला.

"काकू, हे कशात लिहिलंय?"

"पास्कल. मध्ये थोडी असेंब्ली."

"पास्कल अजून मिळतं?"

"तुझ्यापेक्षा लवकर मिळतं."

तो हसला. परीक्षा उद्या सकाळी आहे. मी विषय काढला नाही. मला काय!

२९ मार्च

सकाळी हे, पुतण्या आणि मी, तिघं वर जाऊबाईंच्या स्वयंपाकघरात उभे. मी शेजारधर्म म्हणून गेले होते.

गॅस: उजव्या हाताने फिरवला, सावकाश, पण पेटला. औषधाची बाटली: दोनदा घसरली, तिसऱ्यांदा उघडली, एक गोळी कपाटाखाली गेली. हे लगेच वाकून शोधायला लागले आणि तिथेच अडकले. मग कुलूप. जाऊबाई, पुतण्या आणि मी दाराबाहेर आलो, पुतण्याने दार ओढून घेतलं.

किल्ली घातली. अंगठा आणि तर्जनी, चिमट्यासारखी. पिळली. फिरली नाही. परत पिळली. अंगठा निसटला. तिसऱ्यांदा बोटांची टोकं पांढरी झाली, कुलूप ढिम्म. मी पुतण्याकडे बघितलं नाही. मनात मी त्या कुलपाच्या प्रोग्राममध्ये सहा ओळी घालत होते.

जाऊबाईंनी किल्ली डाव्या हातात घेतली, फिरवली, दार उघडलं आणि आत जाऊन खुर्चीत बसल्या.

"आई," पुतण्या म्हणाला, "तो डावा हात होता."

"दार उघडलं ना?"

"हो, पण..."

"कुलूप विचारतं का, कुठल्या हाताने आलात म्हणून? प्रत्येक कीला ठरलेलं बोट, हे मी जन्मभर पोरांना सांगितलं. ते टायपिंगला. घरात शिरायला नाही."

"मग मी काय समजू?"

"समज की आई घरात आहे."

तो उंबरा ओलांडून आत आला. मग आईच्या खुर्चीपाशी खाली बसला आणि म्हणाला, "महिन्यातून एकदा येईन. तक्रार चालणार नाही." मग माझ्याकडे वळला. "काकू, तुम्ही रोज वर येता ना?"

"मी कशाला रोज येईन? मला माझी कामं नाहीत?"

कपाटाखालून हे खोकले.

मला मात्र राग आवरेना. पुतण्या आंघोळीला गेल्यावर मी जाऊबाईंसमोर उभी राहिले. "डाव्या हाताने उघडायचं होतं, तर ते जानेवारीतसुद्धा उघडलं असतं. तीन महिने मी भाषा बदलल्या, ळ काढला, डॉसच्या पाया पडले. खेळ केला कशाला मग मी?"

"खेळायला," जाऊबाई म्हणाल्या. "दुसरं कशाला करतात?"

मी खुर्ची ओढली आणि डावीकडे बसले. उजवी बाजू अर्थातच त्यांची.